सेवेचे १२० तास आणि न विचारलेला प्रश्न

दरवर्षी २४ सप्टेंबर उजाडला की ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचा दिवस साजरा होतो. प्रमुख पाहुणे येतात, एखादे रोपटे लावले जाते, हातात झाडू घेतलेल्या मुला-मुलींचे छायाचित्र काढले जाते आणि दोन दिवसांनी ते स्थानिक वृत्तपत्राच्या कोपऱ्यात छापून येते. ज्या वस्तीत तो झाडू फिरला, तिथला कचरा चार दिवसांनी पुन्हा तिथेच असतो. तो तिथेच का असतो, हे मात्र कोणी विचारत नाही. तो प्रश्न आम्ही आज विचारणार आहोत.

आम्ही या योजनेचे वैरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. महाविद्यालयात असताना दोन वर्षे आम्ही या योजनेचे स्वयंसेवक होतो. चारचौघांसमोर उभे राहून बोलायला आम्ही तिथेच शिकलो. वकिली सुरू झाल्यावर अनेक शिबिरांत कायद्याविषयी बोलायला गेलो आणि आजही कोणी बोलावले तर जातो. म्हणूनच घरातल्या माणसाने घरातले बोलावे तसे हे बोलत आहोत.

ज्यांच्या घरातली मुले अजून महाविद्यालयात पोहोचलेली नाहीत, त्यांच्यासाठी योजना काय आहे ते थोडक्यात सांगतो. २४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी देशातल्या ३७ विद्यापीठांत ती सुरू केली. तेव्हा ४० हजार विद्यार्थी त्यात होते. आज हा आकडा ३५ लाखांच्या पुढे गेलेला आहे. साधारण १०० विद्यार्थ्यांचे एक एकक असते आणि त्याला एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेला असतो. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि एका दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, अशी रचना आहे. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास. बोधवाक्य आहे, ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’. मुंबई विद्यापीठात या कामाबद्दल १० वाढीव गुणांची सवलत वर्षानुवर्षे मिळत आली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांतही योजनेला जागा मिळाली.

आता साधा हिशेब करा. १०० विद्यार्थी आणि प्रत्येकी १२० तास, म्हणजे एका महाविद्यालयाचे एक एकक वर्षाला १२ हजार तास समाजासाठी देते. बारा हजार तास! कोणत्याही संघटनेकडे, कोणत्याही कार्यकर्त्याकडे एवढे तरुण मनुष्यबळ नाही. हे बारा हजार तास जातात कुठे, ते कोणाच्या उपयोगी पडतात आणि ते कुठे जावेत हे कोण ठरवतो, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

आमचा पहिला धडा शहापूर तालुक्यातल्या शिबिरातला आहे. साधारण २००० सालची गोष्ट. डिसेंबरची थंडी होती. गावाच्या शाळेत मुक्काम आणि सात दिवसांत ओढ्यावर वनराई बंधारा बांधायचा, असे काम ठरलेले होते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची आणि ओढ्याच्या पात्रात एकावर एक रचायच्या. पाचव्या दिवशी पाणी अडले, तसे आम्ही नाचलो. सरपंचांनी नारळ फोडला, सरांनी भाषण केले. ओढ्याच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांचा पाडा होता. त्या पाड्यावरची एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन वाटेने चालली होती. ती थांबली, बंधाऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पोरांनो, पाणी कुणाच्या रानाला अडवलंत?”

आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. बंधारा कुठे बांधायचा हे गावातल्या दोन-तीन मोठ्या खातेदारांनी शिबिराच्या आधीच ठरवून दिले होते. पाणी त्यांच्या शेतालगत अडले होते. पाड्यावरच्या बायका पूर्वी जिथे झिरे खणून पाणी घेत, तिथला ओढा आम्ही आटवला होता. ज्या शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या अन्यायात आम्ही सात दिवस घाम गाळून आमच्या हातांची भर घातली आणि वर प्रमाणपत्र मिळवले! आमची नियत वाईट नव्हती आणि सरांचीही नव्हती. पण पाड्यावर जाऊन “तुम्हाला काय हवे?” असे विचारावे, हे १०० जणांपैकी एकालाही सुचले नाही.

दुसरा धडा आमच्याच वस्तीतला. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचे एकक स्वच्छता मोहिमेसाठी वस्तीत आले. मुलांच्या हातात कोरे झाडू आणि पांढरे हातमोजे, तोंडाला मास्क. दीड तासात गल्ल्या झाडून नाक्यावर कचऱ्याचा मोठा ढीग झाला, छायाचित्रे निघाली, वडापाव वाटले गेले आणि बस निघून गेली. मग बाजूला उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या सफाई कामगार बायका पुढे आल्या आणि तो ढीग त्यांनी हाताने भरला. त्यांच्या हातात मोजे नव्हते. त्या बायकांपैकी एकीचा मुलगा त्याच एककाचा स्वयंसेवक होता. तो बसबरोबर गेला नाही. आईजवळ थांबून तिला ढीग भरू लागला. संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, आज मी दोनदा झाडू मारला. पहिल्याचे तास लागले, दुसऱ्याचे नाही.”

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. त्याच्या आईला हातमोजे आणि गमबूट का मिळत नाहीत, तिचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, ठरलेले किमान वेतन तिच्या हातात पडते का, हे प्रश्न त्या मोहिमेच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. ते असते, तर तीच मोहीम खरी सेवा झाली असती.

तिसरी गोष्ट एका मुलीची. तीही राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका होती, पुढच्या अभ्यासक्रमाला राखीव जागेवर तिला प्रवेश मिळाला होता आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत द्यायचे होते. आईवडील मराठवाड्यातून कल्याणला आलेले, वडील नाक्यावर उभे राहून काम मिळवणारे. वाचकांना ठाऊक असावे की अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि जात दाखवणारा पुरावा मागितला जातो. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, मग शाळा सोडल्याचा दाखला येणार कुठून? मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत. मुदत संपली, तिची राखीव जागा गेली आणि खुल्या जागेची फी भरणे घराला शक्य नव्हते. ती आमच्याकडे आली तेव्हा उशीर झालेला होता. पुढे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत पणजोबांच्या नावासमोर जातीची नोंद सापडली, प्रमाणपत्र मिळाले; पण तोवर तिचे एक वर्ष वाया गेले होते.

ज्या जून-जुलैमध्ये या कागदांसाठी धावपळ करायला हवी होती, त्या जून-जुलैमध्ये ती मुलगी योजनेच्या बिल्ल्यासह टेकडीवर झाडे लावत होती. झाडे लावणे वाईट नाही. पण १०० स्वयंसेवकांत आणि त्यांच्या बारा हजार तासांत, शेजारी उभ्या असलेल्या मुलीचा प्रवेश वाचवायला लागणारे वीस तास नव्हते! सेवा दूरच्या गावात करायची असते, आपल्याच बाकावर बसलेल्या मुलीची करायची नसते, असे आम्हाला कोणी शिकवले?

याचे उत्तर शोधायला थोडे इतिहासात जावे लागेल. विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी ही कल्पना १९५० पासून सरकारदरबारी चर्चेत होती. १९५९ साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने सेवा करावी, अशी शिफारस तिने केली. खर्च आणि अंमलबजावणीची अडचण दाखवून ती बाजूला पडली. पुढे सक्ती नको, स्वेच्छा हवी, असा विचार पुढे आला आणि १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात योजना सुरू झाली. साहजिकच तिच्यावर गांधीजींच्या सेवाकल्पनेची छाप पडली. त्यात श्रमदान आहे, ग्रामसफाई आहे, व्यसनमुक्ती आहे. ही कामे चांगली आहेत. पण सेवा म्हणजे काय, यावर या देशात त्याआधी ३७ वर्षे एक मोठा वाद झालेला होता आणि त्या वादाची दुसरी बाजू योजनेच्या पुस्तिकांत कधी आलीच नाही.

पुणे करारानंतर १९३२ साली अस्पृश्यतानिवारणासाठी जो संघ स्थापन झाला आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला, त्याचे सरचिटणीस अमृतलाल ठक्कर होते. त्यांना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी विलायतेला जाणाऱ्या बोटीवरून एक प्रदीर्घ पत्र लिहिले. त्या पत्राचा आशय प्रत्येक स्वयंसेवकाने वाचावा असा आहे. बाबासाहेब म्हणतात की दलितांच्या उद्धाराकडे पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग असे मानतो की माणसाच्या हालाला त्याचे स्वतःचे अवगुण कारण आहेत. म्हणून त्याला दारू सोडायला लावा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा, सद्गुण शिकवा. दुसरा मार्ग असे मानतो की माणसाला त्याची परिस्थिती खाली दाबते. म्हणून ती परिस्थिती बदला. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहन यांवरचा त्याचा नागरी हक्क मिळवून द्या, रोजगारात समान संधी मिळवून द्या, माणसामाणसांतला व्यवहार मोकळा करा. बाबासाहेबांचा कौल दुसऱ्या मार्गाला होता. आणि हे काम करणारे कार्यकर्ते शक्यतो त्याच समाजातले असावेत, कारण ज्याच्या मनात आपलेपणा आहे तोच खरी सेवा करू शकतो, असेही त्यांनी लिहिले. या पत्राची साधी पोचही आपल्याला मिळाली नाही, असे त्यांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवरच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

त्या पत्राला महाविद्यालयांनीही अजून उत्तर दिलेले नाही. वस्तीत जाऊन “स्वच्छता राखा” असे पथनाट्य करणारे एकक पहिल्या मार्गाने चालले आहे. त्याच्या मनात कचऱ्याचे कारण वस्तीतल्या माणसाच्या सवयीत आहे. त्याच वस्तीत घंटागाडी आठवड्यातून किती वेळा येते, सार्वजनिक शौचालयाची किती दारे मोडली आहेत आणि त्याला पाणी किती तास असते, याची नोंद घेऊन ती प्रभाग कार्यालयात देणारे एकक दुसऱ्या मार्गाने चालले आहे. दोघांचेही तास सारखेच लागतात.

इथे आम्हाला विनयपिटकातल्या महावग्गातली एक कथा आठवते. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदासह फिरत फिरत तिथे आले. त्यांनी त्याला विचारले, “तुझी शुश्रूषा करायला कोणी नाही काय?” तो म्हणाला, नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून अंथरुणावर ठेवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी संघ बोलावला आणि विचारले की या भिक्खूची शुश्रूषा का झाली नाही? तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता म्हणून, असे उत्तर मिळाले. तेव्हा तथागतांनी आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करायची याचा नियम घालून दिला: उपाध्यायाने शिष्याची, शिष्याने उपाध्यायाची, आणि कोणीच नसेल तर संघाने.

हात, प्रश्न आणि नियम, असा या कथेचा क्रम आहे. आधी स्वतःचे हात घाण करायचे, मग असे का झाले हे विचारायचे आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून नियम करायचा. आमच्या महाविद्यालयांची सेवा पहिल्या पायरीवर येऊन थांबते. गाडगेबाबांचेही तसेच केले गेले. त्यांचा झाडू सर्वांनी घेतला. पण बाबा सकाळी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारत. कर्ज काढून सण का करता, मुलांना शाळेत का घालत नाही, माणसाचा विटाळ कसा मानता? त्यांचे कीर्तन आम्ही सोडून दिले आणि झाडू तेवढा ठेवला. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या. त्यांच्या सेवेमागे पन्नास वर्षांचा शाळांचा आणि सत्यशोधनाचा लढा होता, हे विसरून त्यांना केवळ दयाळू माउली करणे हा त्यांचा अपमान आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला आक्षेप प्राचार्यांच्या दालनातून येतो. योजनेत राजकारण आणू नका, असे सांगितले जाते. आम्ही विचारतो, यात राजकारण कोणते? संविधानाचे कलम १७ राजकारण आहे काय? हाताने मैला उचलण्यास आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यास मनाई करणारा २०१३ चा कायदा संसदेने केला. गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. माहितीचा अधिकार २००५ चा, महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. हे सारे देशाचे कायदे आहेत. देशाचा कायदा देशाच्या नागरिकाला समजावून सांगणे ही राष्ट्रीय सेवा नसेल, तर राष्ट्रीय या शब्दाचा अर्थ तरी काय?

दुसरा आक्षेप आमच्याच माणसांकडून येतो. “आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी झाडू मारला, आता पोरांनी कॉलेजात जाऊन पुन्हा तोच मारायचा काय?” असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला भर सभेत विचारले. त्यांच्या संतापाचा आम्ही आदर करतो. पण आमचे म्हणणे वेगळे आहे. दोष झाडूचा नाही. तो एकाच जातीच्या हातात जन्मभर राहतो आणि दुसऱ्याच्या हातात छायाचित्रापुरता येतो, हा दोष आहे. शिबिरात शौचालय धुण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून लागावी आणि त्या चिठ्ठीत कार्यक्रम अधिकाऱ्याचेही नाव असावे. तिथे जन्माने ब्राह्मण, मराठा, आगरी, कुणबी, बौद्ध, मुसलमान, आदिवासी असलेली मुले सात दिवस एका पंगतीत जेवतात, एका ओळीत झोपतात. ज्याला बाबासाहेबांनी सामाजिक व्यवहार म्हटले तो इथे प्रत्यक्ष घडू शकतो. अशा जागेपासून आपल्या मुलांनी दूर राहावे, हे आम्हाला मान्य नाही. तिथे जाऊन ती जागा बदलावी, हे मान्य आहे.

आणि हे घडू शकते, हे आम्ही पाहिले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठी कल्याणपासून बदलापूरपर्यंत घरे बुडाली. आम्ही तेव्हा कायद्याचे विद्यार्थी होतो. पहिले दोन दिवस अन्नाची पाकिटे वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की लोकांना पाकिटापेक्षा कागदाची चिंता आहे. शिधापत्रिका भिजून लगदा झालेली, पंचनाम्याच्या यादीत नाव नाही, भाड्याच्या झोपडीत राहणाऱ्याला मदत मिळणार की नाही हे कोणी सांगत नाही. मग आम्ही काही मुलांनी एका विहाराच्या ओट्यावर बसून अर्ज लिहायला सुरुवात केली. शेजारच्या महाविद्यालयातली सेवा योजनेची मुलेही येऊन बसली. तेव्हा कोणी हजेरीपट मागितला नाही, तास मोजले नाहीत. सुंदर अक्षराची मुले अर्ज लिहीत, धीट मुले तहसील कार्यालयात जात, आणि पोच घेतल्याशिवाय परतायचे नाही एवढा एकच नियम होता. त्या ओट्यावर हात, प्रश्न आणि नियम तिन्ही होते.

आता काय करावे, ते नेमके सांगतो. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत प्रत्येक एककाने महाविद्यालयातच दाखला मदत कक्ष चालवावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज. दहा स्वयंसेवकांना एक दिवसाचे प्रशिक्षण दिले तरी ते पुरेसे आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा फलकावर मोठ्या अक्षरांत लावाव्यात. गावच्या शाळेचा जुना दाखला, कोतवाल बुकातली नोंद, जन्म-मृत्यूची नोंदवही कुठे मागायची हे सांगावे. अर्ज दिला की पोच आणि मुदतीची तारीख घ्यायची, ही सवय लावावी. आणि ही धावपळ प्रवेशाच्या महिन्यात सुरू न करता, मूल अकरावीत असतानाच सुरू करावी.

सप्टेंबरनंतर वस्तीचे काम. झाडू मारायचाच असेल तर तो सफाई कामगारांबरोबर त्यांच्या वेळेला, पहाटे मारावा, म्हणजे मुकादम कोण, ठेकेदार कोण, मोजे कोणाला मिळतात, हे डोळ्यांनी दिसेल. जे दिसेल ते लिहावे आणि माहितीच्या अधिकारात विचारावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्यात आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे आपल्या वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? प्राधिकरणाला विधी स्वयंसेवक लागतात. तिथे आपली मुले का नसावीत?

शिबिराचे गाव दरवर्षी बदलू नये. किमान तीन वर्षे तेच राहावे. काम ठरवण्यापूर्वी पाड्यावर आणि बौद्धवाड्यात स्वतंत्र बैठक घ्यावी, कारण गावच्या चावडीवर ती माणसे बोलत नाहीत. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या जमिनीवर दावा करता येतो. शिबिरात एक दिवस बंधारा आणि एक दिवस वनहक्काचे दावे तपासणे, असे का होऊ नये? बंधारा बांधायचाच असेल तर तो कोणाच्या रानाला, हे त्या म्हातारीला आधी विचारावे.

तासांची चोरी थांबवावी, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. न केलेल्या कामाचे तास नोंदवहीत लिहून घेणे आणि गुणांसाठी सह्या गोळा करणे हा भ्रष्टाचाराचा पहिला पाठ आहे. तो अठराव्या वर्षी आम्हीच आमच्या मुलांना देतो. उलट, जो मुलगा कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलने येतो, दुपारी लेक्चर करतो आणि संध्याकाळी कुरिअरची पाकिटे वाटतो, त्याला सात दिवसांच्या शिबिराला जाता येत नाही म्हणून वगळले जाते. त्याचा सात दिवसांचा रोज कोण भरणार? जो मुलगा आपल्या वस्तीत अभ्यासिका चालवतो, दहावीच्या मुलांना रात्री गणित शिकवतो, त्याचे ते तास शक्य तिथे योजनेचे तास म्हणून धरावेत. ज्यांना सवड आहे तेच सेवक आणि ज्यांना सवड नाही ते सेवेचे लाभार्थी, ही विभागणीच आम्हाला मोडायची आहे.

कार्यक्रम अधिकाऱ्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. हे काम मुख्य अध्यापनाच्या वर करावे लागते. मानधन नाममात्र, अनुदान वेळेवर नाही, बस आणि शिधा यासाठी पदरचे पैसे घालावे लागतात, आणि वर अहवाल पाठवा, छायाचित्रे पाठवा असा तगादा. छायाचित्राची एवढी हाव का निर्माण होते? वर जे मागितले जाते ते छायाचित्र असते, बदल नव्हे. अहवालाच्या नमुन्यात ‘किती झाडे लावली’ असा रकाना असतो. ‘मागच्या वर्षीची किती जगली’ असा असतो का? विद्यापीठाने हा एक रकाना वाढवला, आणि त्याखाली ‘कोणत्या अर्जाचे काय उत्तर आले’ हा दुसरा रकाना घातला, तरी अर्धी योजना सुधारेल. प्रामाणिक प्राध्यापकाला त्याच्याच बाजूने लढण्याचे साधन मिळेल.

शेवटी आपल्या समाजातल्या तरुणांना दोन शब्द. सेवा ही आपल्याला कोणी शिकवण्याची गोष्ट नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखोंच्या रांगा कोण सांभाळतो? पाणी, जेवण, औषधे कोण देतो? आपलीच मुले, विनाहजेरी, विनागुण. ती शिस्त आणि ते आपलेपण वर्षातल्या उरलेल्या दिवसांतही महाविद्यालयात घेऊन जा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवा. पहिल्याच बैठकीत उभे राहा आणि नम्रपणे विचारा: सर, हे काम कोणी मागितले, ते कोणाच्या उपयोगाचे आहे आणि काम संपल्यावर आपण कोणाला काय लिहून देणार आहोत? सुरुवातीला सर वैतागतील. पण चांगला शिक्षक असेल तर दुसऱ्या बैठकीत तो हाच प्रश्न स्वतः विचारेल.

ज्या मुलीचे वर्ष वाया गेले, तिने पुढे प्रवेश मिळाल्यावर त्या नव्या महाविद्यालयात पहिले काम हेच केले. जिन्याखालच्या जागेत एक टेबल, एक फलक आणि दोन मैत्रिणी, एवढ्यावर तिने दाखल्यांचा कक्ष सुरू केला. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिथे गेलो होतो, तेव्हा एक मुलगा आपल्या आजोबांच्या गावाचे नाव सांगत होता आणि ती वहीत लिहून घेत होती. तिच्या ओढणीला चाकाचा तो बिल्ला होता. त्या टेबलावर १२० तासांतला एकही तास वाया जात नव्हता.

जय भीम!